सांधा पक्का कसा होतो?

रेडिओ मध्येच मुका व्हावा आणि वरून एक थापटी मारताच पुन्हा बोलू लागावा, हा चमत्कार पुष्कळ घरांनी पाहिला आहे. वस्तुतः यात चमत्कार काहीच नसतो. यंत्राच्या पोटात कोठेतरी एखादा सांधा निसटलेला असतो. धक्क्याने त्याची दोन टोके क्षणभर एकमेकांस टेकतात, वीज वाहू लागते, आणि थोड्या वेळाने ती टोके पुन्हा दुरावतात. पुढे थापटीचाही उपयोग होईनासा होतो आणि बाकी सर्व भाग धडधाकट असलेले ते यंत्र भंगारात जाते. मोहरीएवढ्या एका सांध्यापायी हे घडते! तो सांधा जोडण्याची कला म्हणजे डाख देणे, किंवा हल्लीच्या प्रचारातील शब्दात सोल्डरिंग. ही कला आपल्याला घरच्या घरी शिकता येण्यासारखी आहे. मात्र हात चालवण्यापूर्वी तिचे मर्म समजून घ्यावयास हवे.

कल्हईवाल्याचे शास्त्र

हे मर्म आपल्या वाडवडिलांनी दारात बसलेल्या कल्हईवाल्याकडे अनेकदा पाहिलेले आहे. तो प्रथम भांडे घासून स्वच्छ करी, भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर ते तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी आणि मग कथलाचा तुकडा त्या तापल्या भांड्याला टेकवी. कथील वितळताच कापसाच्या बोळ्याने ते फिरवले की काळवंडलेले तांबे रुपेरी होऊन जाई. त्याने निखाऱ्यावर धरले ते भांडे, कथील नव्हे. आणि भांड्याच्या उष्णतेने कथील आपोआप वितळले. सोल्डरिंगचे सारे रहस्य एवढ्यात आले. सांधा तापवावा, सोल्डर नव्हे.

नवसागराचे काम धातूवरील गंज व मळ दूर करण्याचे. इलेक्ट्रॉनिक जोडकामात हे काम राळ करते. ही राळ चीड वृक्षापासून मिळते. ती तापल्यावर धातू स्वच्छ करते आणि थंड झाली की पुन्हा निष्क्रिय होते, म्हणून तिचा अवशेष सहसा अपाय करीत नाही. बादल्यांना व डब्यांना डाख देणारे कारागीर जे तेजाब वापरतात, ते किंवा नवसागर येथे कदापि वापरू नये. त्यांचा अवशेष मागे राहून केसासारख्या बारीक तारा खाऊन टाकतो. इलेक्ट्रॉनिक कामासाठी मिळणाऱ्या सोल्डरच्या तारेत राळ आतूनच भरलेली असते.

डिंक नव्हे, मीलन

शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण केले, तर ते या दोहोंपेक्षाही कमी, म्हणजे १८३ अंशांनाच वितळते. शिवाय मधल्या लिबलिबीत अवस्थेत न रेंगाळता ते एकदम पातळ होते आणि एकदम घट्ट होते. नवशिक्याला हे मिश्रण सोपे जाते ते याच गुणामुळे.

तांबे वितळावयास १०८५ अंश लागतात. म्हणजे सोल्डर देताना ते वितळत नाही. तरीही सांधा पक्का होतो, कारण वितळलेले कथील तांब्याच्या पृष्ठभागात किंचित विरघळून दोघांचे मिळून एक नवे संयुग तयार होते. त्याचा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकाच पातळ असतो, पण सांध्याचा जीव त्यातच असतो. सोल्डर हा डिंकासारखा वरून चिकटत नाही. तो धातूशी एकरूप होतो. तांबे पुरेसे तापले नसेल, तर ही एकरूपता घडत नाही आणि सोल्डरचा गोळा अळवावरच्या पाण्याप्रमाणे नुसता वर बसून राहतो. आरंभी सांगितलेल्या थापटीच्या रेडिओत पुष्कळदा हाच दोष असतो.

प्रत्यक्ष कृती

२५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, ते ठेवावयास घोडी, ओला स्पंज, राळयुक्त तार, एक चिमटा आणि एक कटर एवढी सामग्री आरंभास पुरे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील लजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत ती सहज मिळते.

आयर्न चांगले तापू द्यावे. त्याचे टोक ओल्या स्पंजावर पुसून त्याला किंचित सोल्डर लावावे. कोरड्या, काळ्या टोकातून उष्णता नीट उतरत नाही. मग ते टोक भागाच्या पायाला आणि बोर्डावरील तांब्याच्या चकतीला, दोघांनाही एकाच वेळी टेकवावे. मनात एक म्हणावे. दुसऱ्या बाजूने सोल्डरची तार सांध्याला लावावी, आयर्नला नव्हे. ती वितळून सांध्याभोवती पसरताच प्रथम तार दूर करावी, नंतर आयर्न. सर्व मिळून दोन-तीन सेकंदांचे काम. सोल्डर घट्ट होईपर्यंत सांधा हलू देऊ नये व त्यावर फुंकरही घालू नये. घाईने सांधा कच्चा राहतो. पण फार वेळ तापवले, तर भाग बिघडतो आणि तांब्याची चकती बोर्डावरून उखडते.

चांगला सांधा ओळखणे कठीण नाही. त्याच्या बाजू तंबूच्या कनातीसारख्या आत वळून तांब्याशी मिळून गेलेल्या दिसतात. गोलगोळा दिसला, तर तो कच्चा समजावा आणि पुन्हा तापवून थोडे नवे सोल्डर द्यावे. पहिले पन्नास सांधे एखाद्या निकामी बोर्डावर करावेत. त्यानंतर ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि एक लाल एलईडी ओळीने जोडून पाहावे. एलईडीचा लांब पाय धन बाजूस हवा. आपल्या हाताने जोडलेला तो इवला दिवा लागला की मुलांच्या डोळ्यांत जे उमटते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने उमटत नाही.

सावधगिरी

आयर्नचे टोक सुमारे ३५० अंशांपर्यंत तापते. म्हणून मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. निघणारा धूर शिशाचा नसून राळेचा असतो, तथापि तोही श्वासनलिकेस त्रासदायक असल्याने खिडकीजवळ बसावे आणि दम्याचा विकार असणाऱ्यांनी विशेष जपावे. शिसे पोटात जाते ते बोटांवाटे. काम चालू असता काही खाऊ नये व नंतर साबणाने हात धुवावेत. लहान मुले वा गर्भवती स्त्रिया असलेल्या घरी शिशाविना बनलेले सोल्डर वापरावे. कथील, चांदी व तांबे यांचे असे मिश्रण २१७ अंशांच्या सुमारास वितळते. त्याचा सांधा थोडा मंद दिसतो, पण तो दोष नव्हे.

घरगुती विजेवर चालणारे उपकरण नवशिक्याने उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युत्भार साठलेला असू शकतो. बॅटरीवरील खेळणी, विजेरी, छोटा रेडिओ यांवर हात बसवावा.

एका सांध्याचे मोल

हे सारे कशासाठी, असे आपण विचाराल. टाकून दिलेले यंत्र नाहीसे होत नाही. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे गरीब माणसांनी असे बोर्ड उघड्यावर तापवून, जाळून त्यांतील धातू काढल्याचे वारंवार आढळून आले आहे. जे शिसे आपण साबणाने धुऊन टाकतो, ते त्यांच्या व त्यांच्या मुलांच्या शरीरात जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु दुरुस्त होऊन घरातच राहिलेल्या वस्तूसाठी कोणत्याही नियमाची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट मनोवृत्तीची. शिकलेल्या माणसाने हत्यार हाती धरू नये, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्या मुलामुलींना त्यातून मानाचा व्यवसाय मिळू शकतो. आपल्या मुलीने वा मुलाने तो मार्ग निवडला नाही तरी चालेल. पण बिघडलेल्या वस्तूकडे पाहताच ‘टाकून द्या’ म्हणण्याऐवजी ‘उघडून पाहू या’ असे त्यांच्या तोंडून निघाले, तर तेवढ्यासाठीही या रविवारी एक आयर्न आणि एक जुना बोर्ड त्यांच्यापुढे ठेवावा, आणि आपणही शेजारी बसावे.