कण्हेरीचा हिवाळा

आपल्याकडे कण्हेर रस्त्याच्या कडेला, कुंपणाला, कुठेही वाढते. तिच्याकडे कोणी फारसे लक्षही देत नाही. हीच कण्हेर पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेत लाकडी पेटीत लावलेली असते. ऑक्टोबरच्या मध्यास संत्र्या-डाळिंबांच्या झाडांबरोबर तिला पेटीसकट आत नेतात, ती बाहेर येते थेट मे महिन्यात. एवढा खटाटोप कशासाठी?

थंडीने झाड मरते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. पेशीरसात साखर व क्षार विरघळलेले असतात, म्हणून तो शून्य अंशाच्या थोडा खाली गोठतो. बर्फ प्रथम धरतो तो पेशींच्या बाहेर, त्यांच्यामधल्या पोकळ्यांत. हा बर्फ पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी सुकते, तिचे पटल फाटते. म्हणजे बर्फाच्या शेजारी बसून झाड तहानेने मरते म्हणा ना!

मग खोली चांगली उबदार ठेवली तर? तेही नको. तिकडे हिवाळ्यातला दिवस जेमतेम आठ तासांचा, ऊनही क्षीण. प्रकाशसंश्लेषण मंद, आणि उबेमुळे श्वसन मात्र जोरात. जमेपेक्षा खर्च जास्त! झाड फिकट, लांबट फुटवे काढते आणि खंगते. त्याला हवी असते गारव्यातली विश्रांती, आणि तेव्हा पाणीही थोडेच.

व्हर्सायचे हे झाडांचे घर 1684 ते 1686 या काळात बांधले गेले. मधले दालन 150 मीटरांहून लांब. भिंती 4 ते 5 मीटर जाड, छतावर बागेचीच माती, खिडक्या दक्षिणेकडे व दुहेरी काचांच्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, त्यामुळे ऊन आत खोलवर येते. दगड-मातीच्या एवढ्या राशीत साठलेली उष्णता हळूहळूच बाहेर पडते. आतले तापमान सहसा 5 अंश सेल्सियसच्या खाली जात नाही.

ज्यांच्याजवळ राजवाडा नाही, ते झाडाला गोणपाट गुंडाळतात. पण गोधडी तुम्हाला ऊब देते ती तुमच्याच अंगाची. झाडाच्या अंगात अशी ऊब कुठली? ती मिळते जमिनीतून. म्हणून गोणपाट जमिनीला टेकले पाहिजे आणि बुंध्याभोवती वाळक्या पानांचा ढीग हवा. वरच्या फांद्या गेल्या तरी पुष्कळ झुडपे बुडातून पुन्हा फुटतात. कुंडीतल्या झाडाची अडचण अशी, की त्याच्या मुळांना थंडी चारी बाजूंनी लागते.

बंद खोलीत पाण्याचे पिंप ठेवण्याची जुनी युक्ती मला फार आवडते. 1 ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी अप्रकट उष्णता बाहेर टाकते. 100 लिटर पाणी पूर्ण गोठले, तर 80 लाख कॅलरी मिळतील, म्हणजे सुमारे एक किलो चांगला कोळसा जाळल्याइतक्या! आणि पाणी गोठत असते तोवर खोलीचा पारा शून्याखाली फारसा घसरत नाही. तेवढे कण्हेरीला पुरते. पिंप काठोकाठ मात्र भरू नये. बर्फाला पाण्यापेक्षा जास्त जागा लागते.