पाठवले म्हणजे झाले नव्हे

गिरणीत दळण घेऊन गेलो की दोन पर्याय असतात. दळण होईपर्यंत तिथेच उभे राहायचे, किंवा डबा रांगेत ठेवून भाजी आणि वाणसामान घेऊन यायचे. दुसऱ्या पद्धतीत गिरणी काही जास्त वेगाने फिरत नाही. दळणाला लागायचा तेवढाच वेळ लागतो. फक्त तो आपला वाया जात नाही. संगणकाचा प्रोग्रॅम डेटाबेसकडे माहिती मागतो तेव्हा त्याच्यापुढेही असेच दोन पर्याय असतात.

डेटाबेस म्हणजे तक्त्यांच्या रूपात नीट लावून ठेवलेली माहिती. शाळेतले जनरल रजिस्टर, हजेरीपट, फीची नोंदवही हे सारे तक्तेच. माहिती अशा रीतीने मांडण्याची गणिती बैठक आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली दिली. त्यावर आधारलेली प्रश्न विचारण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. या भाषेत काय हवे एवढेच सांगायचे असते. ते कसे शोधायचे हे डेटाबेस ठरवतो. त्यामुळे उत्तराला किती वेळ लागेल, हे विचारणाऱ्या प्रोग्रॅमला आधी कळत नाही.

वाट पाहण्याची किंमत

ही वाट किती मोठी असते? एक हिशेब करून पाहू. ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे सेकंदाला ३०० कोटी ठोके पडतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सरासरी अर्ध्या फेऱ्याने समोर येते, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांनी. वाचणारा भाग योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ८ मिलिसेकंद धरू. एकूण झाले १२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरचे ३ कोटी ६० लाख ठोके होतात. एक ठोका म्हणजे एक सेकंद मानला, तर ही वाट ४१६ दिवसांची ठरते! फिरते भाग नसलेल्या एसएसडीला ०.१ मिलिसेकंद लागतो असे धरले, तरी याच मापाने साडेतीन दिवस होतात.

अर्थात, या काळात ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसर दुसऱ्या कामाला लावते. पण आपला प्रोग्रॅम मात्र त्याच ओळीवर अडून राहतो. पडद्यावरचे बटण दाबले तरी काही घडत नाही, आणि संगणक बिघडला असे वापरणाऱ्याला वाटते.

न थांबता विचारणे

यावर उपाय म्हणजे आज्ञा पाठवून लगेच पुढच्या कामाला लागायचे आणि उत्तर आले की ते घ्यायचे. याला असिंक्रोनस किंवा असमकालिक पद्धत म्हणतात. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसशी सी भाषेतून बोलण्यासाठी जी फंक्शने आहेत, त्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. ‘पीक्यू-एक्झेक’ हे फंक्शन उत्तर येईपर्यंत थांबते. ‘पीक्यू-सेंड-क्वेरी’ आज्ञा रवाना करून परत येते. उत्तर नंतर ‘पीक्यू-गेट-रिझल्ट’ने उचलायचे असते.

आता समजा, एका विद्यार्थ्याचे नाव, गुण आणि हजेरी अशा तीन गोष्टी हव्या आहेत आणि प्रत्येकीला ४० मिलिसेकंद लागतात. एकामागून एक विचारल्या तर १२० मिलिसेकंद होतात. तीन स्वतंत्र जोडण्यांवरून एकदम विचारल्या तर ४० च्या आसपास. मात्र जोडण्या फुकट मिळत नाहीत. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक वेगळी प्रक्रिया चालते, आणि वेगळे काही ठरवले नसेल तर अशा १०० जोडण्यांची मर्यादा असते. गिऱ्हाइके बाजारात गेली म्हणून गिरणीतली रांग कमी होत नाही!

खरा धोका

थांबून विचारले की यश-अपयश पुढच्याच ओळीत हाती येते. न थांबता विचारले की ते नंतर येते, आणि घ्यायला कोणी नसेल तर हरवते. समजा, परीक्षेचा अर्ज भरून घेणाऱ्या प्रोग्रॅमने आज्ञा पाठवताक्षणीच ‘अर्ज नोंदला गेला’ असे दाखवले. विद्यार्थी निर्धास्तपणे घरी गेला. इकडे डेटाबेसने चुकीच्या क्रमांकामुळे नोंद नाकारली. ही चूक कळेल ती थेट परीक्षेच्या यादीत नाव नसेल तेव्हा! म्हणून पाठवल्यावर ‘अर्ज पाठवला आहे’ एवढेच दाखवावे. ‘नोंदला गेला’ हे डेटाबेसचे उत्तर आल्यावरच.

दुसरा धोका क्रमाचा. नव्या विद्यार्थ्याची नोंद एका जोडणीवरून आणि त्याच्या फीची दुसऱ्या जोडणीवरून पाठवली, आणि फीची आज्ञा आधी पोहोचली, तर ‘असा विद्यार्थीच नाही’ म्हणून डेटाबेस ती नाकारू शकतो. एकमेकींवर अवलंबून असलेल्या आज्ञा एकाच जोडणीवरून, क्रमाने आणि एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रॅन्झॅक्शनमध्ये बांधून पाठवायला हव्यात. मग एक तर दोन्ही नोंदी होतात किंवा एकही होत नाही.

वर्गात करून पहा

तीन मुलांच्या हाती एकेक नोंदवही द्या. ही तीन मुले म्हणजे डेटाबेसच्या तीन जोडण्या. चौथा मुलगा प्रोग्रॅम. प्रत्येक उत्तर द्यायला २० सेकंद घ्यायचे असे ठरवा. पहिल्या फेरीत त्याने एक चिठ्ठी देऊन उत्तर येईपर्यंत थांबावे, मग दुसरी द्यावी. दुसऱ्या फेरीत तिन्ही चिठ्ठ्या एकदम द्याव्यात आणि मधल्या वेळात फळ्यावर बेरजा कराव्यात. तिसऱ्या फेरीत मात्र प्रत्येक चिठ्ठीतला प्रश्न आधीच्या उत्तरावरून तयार व्हावा. उदाहरणार्थ, आधी नावावरून हजेरी क्रमांक विचारायचा, मग त्या क्रमांकावरून गुण. तिन्ही वेळा घड्याळ लावा. दुसऱ्या फेरीत वाचलेला वेळ तिसरीत का वाचला नाही, हे मुलांनाच सांगू द्या. शेवटी एका मुलाला गुपचूप सांगून त्याची चिठ्ठी न वाचताच खिशात टाकायला लावा. उत्तर आलेच नाही, हे ‘प्रोग्रॅम’च्या केव्हा लक्षात येते ते पाहा.