गुडघ्याचे गुणपत्रक

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातील एका कबड्डीपटूसमवेत सांगलीतील एका दवाखान्यात बसण्याचा योग आला. मुलगा मूळचा सातारचा. गुडघ्याच्या वाटीखाली त्याला सारखी कळ येत असे. त्याच्या हाती एक इंग्रजी प्रश्नावली देण्यात आली. शून्य म्हणजे दुखणे नाही, असे गृहीत धरून त्याने भराभर खुणा केल्या. वस्तुतः त्या प्रश्नावलीत शून्य म्हणजे तीव्र वेदना आणि दहा म्हणजे वेदनेचा अभाव! कागदावर तो जवळजवळ पंगू ठरला.

ही प्रश्नावली १९९८ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात तयार झाली. आठ प्रश्न, एकूण गुण शंभर. शंभर मिळाले तर गुडघा निरोगी. वाटीपासून नडगीपर्यंत जाणारी कंडरा उड्या मारणाऱ्या खेळाडूंमध्ये दुखावते. तिची अवस्था आकड्यात मांडावी, हा तिचा हेतू. फ्रेंच भाषकांसाठी बेल्जियममधील लिएज येथील तज्ज्ञांनी ती रूपांतरित केली व २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. अशा कामाची रूढ पद्धत मोठी कसोशीची आहे. दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यांचा मेळ घातला जातो. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेले दुसरे दोघे ते पुन्हा मूळ भाषेत नेतात. तज्ज्ञ समिती दोन्ही ताडून पाहते, तीस-चाळीस जणांवर चाचणी होते. पुढे त्याच रुग्णाला काही दिवसांनी तेच प्रश्न विचारून उत्तर स्थिर राहते का, हेही तपासतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दशमान पद्धती येण्यापूर्वी गावोगावची पायली निराळी असे. त्या पायल्यांवरून धान्याच्या भावांची तुलना करणारा अर्थशास्त्रज्ञ फसलाच असता. मराठीत कंबरदुखीच्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीची अशी पारख झालेली असून ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे हे काम आपल्याला अशक्य नाही.

परंतु शब्द बदलले की काम संपले, असे मात्र नव्हे. आपल्याकडे दुखणे एका शब्दात मावत नाही. ठणका, कळ, चमक, अवघडणे हे निरनिराळे अनुभव आहेत. 'लंज'ला आखाड्यातील कोणता शब्द द्यावा? बैठक म्हणावे तर ती दोन्ही पायांवरची. माझ्या विषयाच्या अंगाने पाहता खरी अडचण भारांकांची आहे. शंभरांपैकी चाळीस गुण शेवटच्या दोन प्रश्नांना, आणि ते दोन्ही खेळ व सराव यांविषयी. कबड्डीपटूला हे चालेल. पण वाळव्याच्या फडात दिवसभर वाकून ऊस तोडणारी बाई कोणताच खेळ खेळत नाही. तिचा गुडघा ठणठणीत असला तरी तिला साठांवर गुण मिळणे कठीण. निर्देशांकाची टोपली शहरी कुटुंबाची घ्यायची आणि तिने शेतमजुराची महागाई मोजायची, त्यातलाच हा प्रकार. ही प्रश्नावली खेळाडूंपुरतीच ठेवावी आणि कष्टकऱ्यांसाठी डोक्यावर मोळी घेऊन चढणे, उकिडवे बसणे असे प्रश्न असलेली वेगळी प्रश्नावली मुळापासून रचावी, असे माझे मत आहे. मिरज-कऱ्हाडला वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापकांनी मराठीच्या प्राध्यापकांना शेजारी बसवावे.

असो. त्या दिवशी मीच प्रश्न मराठीत वाचून दाखवले आणि खुणा नव्याने करवून घेतल्या. जिना उतरताना दुखते का, या प्रश्नावर मुलगा क्षणभर थांबला व म्हणाला, ''सर, जिना कोणता? वसतिगृहाचा, की अजिंक्यताऱ्याची उतरण?''