नोंदवहीतला पहिला शब्द

भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याने पाळी सुटण्याच्या वेळेस जो कधी गेला असेल, त्याने हे पाहिलेच असेल, की कारखान्यांच्या बसगाड्या, मालमोटारी, रिक्षा आणि पायी चालणारी माणसे यांच्या त्या अखंड ओघात एखादे दहा-बारा वर्षांचे पोर एकटेच चालले असले तरी त्याला कोणी हटकत नाही. कारण येथे जवळजवळ प्रत्येक जण कोठून तरी आलेला आहे, आणि शेजारच्या खोलीतले मूल कोणाचे, हे सांगता येईल इतका काळ एका जागी राहणे फार थोड्यांच्या नशिबी असते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात येऊन भोसरी-चिंचवडच्या माळरानांवर यंत्रे धडधडू लागली, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तोच उद्योग खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारांत पसरला. त्याने असंख्य घरांना अन्न दिले, हे निर्विवाद आहे. परंतु गाव सोडून आलेल्या कुटुंबात बाप अकाली गेला, आई अंथरुणाला खिळली किंवा दूर निघून गेली, तर मागे राहिलेल्या लेकराला पोटाशी धरायला आजी, चुलता, मामा यांपैकी कोणीही हाकेच्या अंतरावर नसते.

अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर केले जाते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीला कायद्याने दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत, आणि तिच्या हुकुमाने मूल बालगृहात जाते किंवा, सुदैव असेल तर, एखाद्या प्रतिपालक कुटुंबात जाते. फॉस्टर केअर या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था म्हणजे दत्तक नव्हे; मूल काही मुदतीसाठी परक्या घरात, पण घरातच, वाढावे एवढाच तिचा हेतू. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने तिला आधार दिला, सख्ख्या भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये असे सांगितले, आणि अशा कुटुंबांची समितीने दर महिन्यास पाहणी करावी असेही बजावले. प्रत्यक्षात घरोघरी जाणारी व्यक्ती म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षातील संरक्षण अधिकारी, सामाजिक कार्यकर्ती किंवा क्षेत्रीय कार्यकर्ता.

एके दिवशी सायंकाळी दिवेलागणीनंतर त्यांच्यापैकी कोणाचा तरी दूरध्वनी वाजतो आणि पलीकडून दबक्या स्वरात सांगितले जाते, की मूल शाळेतून घरी आलेच नाही. बहुधा तोवर दोन-तीन तास उलटून गेलेले असतात. प्रतिपालक आई-वडिलांनी आपल्या परीने गल्ली, मैदान, शिकवणीचा वर्ग धुंडाळलेला असतो, आणि आपल्यावर हलगर्जीपणाचा ठपका येईल या भयाने कळवण्यास विलंब केलेला असतो. त्या भयाची मला कीव येते, राग येत नाही. कारण नेमके तेच भय कार्यकर्तीच्याही मनात असते. मूल गेले, आता ‘कारणे दाखवा’ नोटीस येईल, हा विचार मनात येऊ न देता पहिल्या तासात मुलाचाच विचार करणे ही या कामातली पहिली आणि सर्वांत कठीण शिस्त आहे.

पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत लिहिला जाणारा पहिला शब्द येथे फार महत्त्वाचा ठरतो. मूल ‘हरवले’ की ‘पळून गेले’? ऐकणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु ‘हरवले’ म्हणताच शोधणाऱ्याचे पाय उचलतात आणि ‘पळून गेले’ म्हणताच ते मंदावतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात बालगृहातून अथवा ज्याच्या हवाली केले त्या व्यक्तीकडून निघून गेलेल्या मुलासाठी कैद्याला लावावा तसाच ‘पळालेला’ हा शब्द होता, आणि पोलिसाने त्याला वॉरंटावाचून ताब्यात घेऊन परत पाठवावे अशी तजवीज होती. मूल का गेले, याची विचारपूस त्या कलमाने सांगितली नव्हती. पुढे डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळच्या निठारीत मुलांच्या हत्यांचे जे प्रकरण उघडकीस आले, त्याने सारा देश हादरला; मजुरांची मुले एकामागून एक नाहीशी होत असता त्यांच्या आई-बापांच्या तक्रारी कोणी मनावर घेतल्या नव्हत्या. अखेर बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मूल बेपत्ता झाल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा अपव्यापार आहे असे गृहीत धरावे. २०१६ च्या बाल न्याय नियमांनी तर व्याख्याच बदलली: ज्या मुलाचा ठावठिकाणा आई-बापांस, पालकांस किंवा ज्यांच्या ताब्यात ते कायद्याने दिले आहे त्या व्यक्तीस वा संस्थेस ठाऊक नाही, ते मूल, जाण्याचे कारण काहीही असो, बेपत्ताच होय. म्हणून आज अशा प्रसंगी ‘चोवीस तास वाट पाहा, येईल परत’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. भारतीय न्याय संहितेच्या १३७ व्या कलमाखाली अपहरणाचा गुन्हा तत्काळ दाखल व्हावा, ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यास कळवावे, छायाचित्र व वर्णन सर्वत्र पाठवावे, समितीस लेखी इत्तला द्यावी, आणि चार महिन्यांत शोध न लागल्यास तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपवावा, असा क्रम ठरलेला आहे.

या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे, ती हद्दीची. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून निराळे झाले आणि चाकण त्याच्या हद्दीत आले. पण निगडीहून निघालेले मूल आकुर्डी स्थानकात शिरले की लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत जाते, लोकलने लोणावळ्याकडे गेले तर पुणे ग्रामीणच्या आणि शिवाजीनगरास उतरले तर पुणे शहराच्या. तासाभरात मूल तीन हद्दी ओलांडते, कागदाला मात्र एक ओलांडायला दिवस लागतो. गुन्हा शून्य क्रमांकाने कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे कायद्याने आता स्पष्ट केले आहे. तरीही अनुभवी कार्यकर्ती कागदाच्या मागोमाग स्वतः दूरध्वनी करते, वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर जाते, फलाटावरच्या चहावाल्याला छायाचित्र दाखवते.

पण छायाचित्र कोणते? येथे आपण त्या मुलाच्या फाइलीपाशी थोडे थांबू. एक मुलगा कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा: वय बारा, निगडीतल्या एका प्रतिपालक कुटुंबात दीड वर्षापासून राहणारा, त्यापूर्वी कुरुळीत आईबरोबर पत्र्याच्या खोलीत वाढलेला, धाकटी बहीण मुलींच्या बालगृहात. फाइलीत दाखल झाल्या दिवशीचे छायाचित्र आहे. केस बारीक कापलेले, नजर खाली, आज तो तसा दिसतही नाही. गृहचौकशीचा अहवाल आहे, वैद्यकीय तपासणी आहे, वैयक्तिक संगोपन आराखडा आहे. ‘मित्र व परिचित’ या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले आहे. मासिक भेटीच्या नोंदी आहेत आणि त्या सर्वांत एकच वाक्य पुनःपुन्हा आले आहे: ‘बालक समाधानी आहे.’

अशा फाइलीवरून कोणीही कोणाला शोधू शकणार नाही. आता तीच फाइल दुसऱ्या हाताने लिहिली आहे असे समजा. तीत गेल्या महिन्याचे छायाचित्र आहे. कुरुळीच्या चौकात वडापावची गाडी लावणाऱ्या एक बाई त्याला ‘भाचा’ म्हणत, ही नोंद आहे. बहिणीचा वाढदिवस कोणत्या तारखेस येतो आणि गेल्या दोन भेटी रद्द झाल्यावर तो जेवला नाही, हेही लिहिलेले आहे. ही फाइल हाती असलेली कार्यकर्ती शंभर ठिकाणी धावत नाही. ती प्रथम मुलींच्या बालगृहात दूरध्वनी करते आणि मग कुरुळीच्या रस्त्याला लागते. हरवलेल्या मुलाचा शोध त्या सायंकाळी सुरू होत नाही. तो कित्येक महिने आधी, घरच्यांना बाजूस ठेवून, मुलाशेजारी सतरंजीवर बसून त्याचे बोलणे ऐकले त्या दिवशी सुरू झालेला असतो, किंवा झालेलाच नसतो. हे माझे ठाम मत आहे. एकेका कार्यकर्तीच्या माथी मुलांची मोठी यादी मारून, कागदांची पूर्तता झाली की काम झाले असे मानणाऱ्या खात्याला हा दोष स्वतःकडे घ्यावा लागेल; तो त्या बाईच्या पदरात टाकून चालणार नाही.

मूल सापडले म्हणजे काम संपले, ही समजूतही तितकीच घातक. त्याला चोवीस तासांच्या आत समितीपुढे नेले पाहिजे, त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या वेषात असला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे त्याला विचारले पाहिजे: ‘बाळ, कशासाठी गेला होतास?’ उत्तर पुष्कळदा बहिणीला भेटण्याइतकेच साधे असते. पण कधी ते त्याच घरातल्या मारहाणीचे, राबवून घेण्याचे, किंवा मूल जे शब्दांत सांगू शकत नाही अशा अत्याचाराचे असते. ते ऐकण्यापूर्वीच मुलाला पूर्वीच्या दारात नेऊन सोडणे म्हणजे दुसऱ्यांदा निघून जाण्याची वाट त्याला आपणच दाखवणे होय. म्हणून ही विचारपूस प्रतिपालकांच्या देखत करू नये, आणि जबानी घेण्यापूर्वी त्याला जेवू घालावे.

छायाचित्राविषयी एक गोष्ट वाचकांना सांगितली पाहिजे. शोधाच्या काळात ते जितके पसरेल तितके चांगले. परंतु समितीच्या छत्राखालील मुलाची ओळख प्रकट करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने मनाई केली आहे, आणि मूल सापडल्यावर ते चित्र फिरत राहण्यास काहीच समर्थन उरत नाही. व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या ‘मूल हरवले आहे’ अशा संदेशांतले एखादे मूल आज महाविद्यालयात बसलेले असेल, आणि त्याच्या वर्गमित्राच्या हातात त्याचे ते रडवेले तोंड येत असेल. संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तारीख पाहावी; मूल सापडल्याचे कळताच तो पुसून टाकावा.

आणि चाकणच्या चौकात, चिंचवडच्या फलाटावर किंवा आळंदीच्या यात्रेत एखादे मूल एकटे, बावरलेले दिसले, तर ‘कोणाचे तरी असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्यापाशी थांबा आणि १०९८ हा क्रमांक फिरवा. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असते. पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत या क्रमांकावर, पोलिसांस किंवा बाल कल्याण समितीस कळवणे हे कायद्याने आवश्यक आहे, आणि न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा दहा हजार रुपयांच्या दंडाची शिक्षा सांगितलेली आहे.