फिनलंड: ना शिखरं, ना खोल तळी

फिनलंड म्हटलं की बर्फाळ शिखरं आणि डोंगरांत खोलवर शिरलेला समुद्र डोळ्यांपुढे येतो. हे चित्र शेजारच्या नॉर्वेचं. फिनलंड बहुतांशी सखल आहे. देशातली सर्वांत उंच जागा हाल्ती डोंगरावर, १३२४ मीटरवर. तीही शिखर नव्हे, उतारावरचा एक बिंदू. माथा सीमेपलीकडे, नॉर्वेत! फिनलंडच्या स्वातंत्र्याची शताब्दी २०१७ साली होती. त्यानिमित्त एक माथा भेट द्यावा, अशी मोहीम नॉर्वेत निघाली, पण देशाचा भूभाग देण्याला तिथली राज्यघटना आड आली.

'हजार सरोवरांचा देश' ही बढाई नव्हे, उलट फारच कमी सांगणं आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठी तळी मोजली तरी आकडा सुमारे १ लाख ८८ हजारांवर जातो. मात्र एवढं पाणी म्हणजे अथांग खोली, असं समजू नये. सरासरी खोली जेमतेम सात मीटर. हिमयुगातल्या बर्फाने खडक खरवडले, जाताना गाळ-गोटे टाकले आणि त्या उथळ खळग्यांत पाणी साठलं.

तिथे सहा महिने अंधार असतो, हेही ऐकीव. डिसेंबरात हेलसिंकीला जवळपास सहा तास उजेड असतो. सूर्य न उगवणारे दिवस उत्तरेकडच्या लॅपलंडात, तेही अगदी टोकाला सुमारे पन्नासच.

खरी गंमत पश्चिम किनाऱ्यावर. तिथे समुद्र मागे हटताना दिसतो. अठराव्या शतकात स्वीडनचा आंदर्स सेल्सियस, तोच तापमापकवाला, पाणीच कमी होतंय असं मानत होता. प्रत्यक्षात जमीन वर येतेय. दोन-तीन किलोमीटर जाड बर्फाच्या ओझ्याने ती खाली दबली होती. बर्फ वितळून हजारो वर्षं लोटली तरी याच किनाऱ्यालगतच्या क्वार्केन नावाच्या उथळ समुद्रात ती वर्षाला आठेक मिलिमीटर उचलली जाते. तिथल्याच वासा शहराला याचा चांगलाच फटका बसला. बंदर उथळ होत गेलं, जहाजं दूर थांबू लागली. १८५२च्या आगीत शहर जळालं, तेव्हा ते जुन्या जागी उभारलंच नाही. सातेक किलोमीटर वायव्येला, समुद्राजवळ नेलं.

किनाऱ्यालगत घर असलं म्हणजे नवी जमीन फुकट मिळते, असं मात्र नाही. ती पूर्वी ज्यांच्या मालकीच्या पाण्याखाली होती त्यांचीच, आणि ती बऱ्याचदा गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची असते. अंगणापुढची पट्टी हवी असेल तर ती विकत घ्यावी लागते.