अखेरचे तीन आठवडे : दुकान, दिवाळी आणि गोव्याचा समुद्र

व्यापारी घराण्यांत वर्षाची खरी परीक्षा दिवाळीत होते. गुलमंडी, सिटी चौक, औरंगपुरा वा मोंढा, कुठेही पेढी असली तरी नवरात्रापासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या दिवसांत घरातील कर्ता पुरुष घराला क्वचितच सापडतो. अलीकडे मात्र छत्रपती संभाजीनगरच्या काही घरांत याच दिवसांवर दुसरी एक परीक्षा येऊन ठेपते. पहाटे साडेचारला दिवा लागतो, सायकलच्या चाकात हवा भरली जाते आणि धाकटे भाऊ किंवा सूनबाई दुकान उघडण्याआधीच रस्त्याला लागतात. गोव्याची दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन शर्यत जवळ आलेली असते.

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे ही तिन्ही अंगे न थांबता एकापाठोपाठ एक पूर्ण करणे म्हणजे ट्रायथलॉन. तिच्या ‘आयर्नमॅन’ या प्रसिद्ध रूपाचा प्रारंभ 18 फेब्रुवारी 1978 रोजी हवाई बेटांतील ओआहू येथे झाला. जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघालेल्या त्या पहिल्या शर्यतीत 15 जण उतरले आणि 12 जणांनी ती पूर्ण केली. पूर्ण आयर्नमॅनमध्ये 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे असते. ‘आयर्नमॅन 70.3’ ही त्याची निम्मी आवृत्ती. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे अशी तिची बेरीज 113 किलोमीटर, म्हणजेच 70.3 मैल होते. हीच शर्यत 2019 च्या ऑक्टोबरपासून गोव्यात पणजीजवळ मिरामार येथे होऊ लागली.

महाराष्ट्राला या प्रकाराची ओळख आता नवी नाही. अभिनेते मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची पूर्ण आयर्नमॅन पार केली. पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी 2017 मध्ये फ्रान्समधील विची येथे ती पूर्ण केली. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी स्वतः अनेकदा ही शर्यत पूर्ण करून इतरांनाही तयार केले. नोकरी, दवाखाना वा दुकान सांभाळणारी सामान्य माणसे या वाटेला लागली ती अशा उदाहरणांमुळे.

तिथी आणि तारीख

गोव्याची तारीख दरवर्षी थोडी मागेपुढे होते आणि व्यापाऱ्याची अडचण तिथूनच सुरू होते. 2024 मध्ये शर्यत 27 ऑक्टोबरला होती आणि 29 ला धनत्रयोदशी. हंगामाच्या ऐन तोंडावर दुकान सोडून सहाशे किलोमीटरहून अधिक दूर जाणे कोणत्या पेढीला परवडेल? 2025 मध्ये शर्यत 9 नोव्हेंबरला आली. वरवर पाहता दिवाळी आटोपलेली, 5 नोव्हेंबरच्या कार्तिक पौर्णिमेला चातुर्मासही संपलेला. पण शर्यतीआधीचे तीन आठवडे उलटे मोजले तर 19 ऑक्टोबर ही तारीख येते, आणि तो दिवस धनत्रयोदशी व लक्ष्मीपूजन यांच्या मधोमध पडतो. म्हणजे शरीराला विश्रांती देण्याचे दिवस आणि गल्ल्यावर रात्री बारापर्यंत बसण्याचे दिवस एकच ठरतात.

या दिवसांत सराव चुकतो याचे दुःख खेळाडूला फार असते. वस्तुतः चुकलेल्या सरावाने होणारे नुकसान थोडे, आणि तो घाईने भरून काढण्याने होणारे नुकसान मोठे असते.

ताळेबंदाचा न्याय

31 मार्चच्या संध्याकाळी कितीही धावपळ केली तरी वर्षाचा नफा बदलत नाही. त्या दिवशी फक्त हिशेब नीट मांडायचा असतो. शर्यतीआधीच्या शेवटच्या पंधरवड्याचेही तसेच आहे. सरावाने शरीराच्या खात्यात दोन नोंदी एकाच वेळी होतात, क्षमता जमेच्या बाजूला आणि थकवा नावेच्या बाजूला. सराव कमी केला की थकवा झपाट्याने उतरतो, क्षमता मात्र सावकाश घटते. या दोन वेगांमधील फरक हाच खेळाडूचा नफा. सराव ठरवून उतरवण्याच्या या पद्धतीला ‘टेपर’ म्हणतात.

अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण 40 ते 60 टक्क्यांनी कमी करावे. आठवड्यातील सत्रांची संख्या आणि वेग मात्र बहुतांशी तसाच ठेवावा. दहा तास सराव करणाऱ्याने पाच तास करावा, पण त्या पाच तासांत शर्यतीच्या वेगाचे छोटे तुकडे असावेत. सगळेच बंद करून गादीवर पडून राहणेही चूक आणि ‘एकदा पूर्ण अंतर करून पाहतो’ म्हणून शेवटच्या रविवारी वेरूळच्या दोन फेऱ्या मारणेही चूक.

व्यावहारिक आखणी अशी करता येते. तिसऱ्या आठवड्याअखेरची लांब फेरी धनत्रयोदशीच्या आधीच उरकून घ्यावी. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ हा सुमारे तीस किलोमीटरचा घाटरस्ता परिचयाचा आहे. वेरूळच्या जैन लेणींपर्यंत जाऊन परत यावे आणि सायकल ठेवताच अर्धा तास धावावे. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे आणि जालना रस्त्यावरची वर्दळ जिवावर बेतणारी आहे, म्हणून पहाटेची वेळ, मागचा लाल दिवा आणि शिरस्त्राण यांना पर्याय नाही. दिवाळीच्या चार-पाच दिवसांत रोज तीस-चाळीस मिनिटे हलका व्यायाम पुरे. रात्री उशीर झाला तर सकाळचा गजर बंद करून झोपणे हाच त्या दिवशीचा सराव समजावा. भाऊबीजेनंतर झोपेची थकबाकी आधी फेडावी, वेगाचे तुकडे मग सुरू करावेत.

हवामानाचा विचारही याच काळात करावा लागतो. नोव्हेंबरातील आपली सकाळ कोरडी आणि गार असते, तर गोव्यात दुपारचा दमटपणा अंगातील घाम सुकू देत नाही. उष्णतेची सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहाटेच्या थंडीत सगळा सराव करणाऱ्याने काही धावा उन्हे चढल्यावर घेतल्या तर मिरामारची दुपार एकदम परकी वाटत नाही.

सूर्यास्ताची मर्यादा

आपल्या घरांत सर्वांत कठीण प्रश्न असतो तो आहाराचा. शर्यत सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते. सर्वसाधारण सल्ला असा की तीन तास आधी, म्हणजे पहाटे चारला, भरपूर न्याहारी करावी. ज्याने रात्रिभोजनाचा त्याग केला आहे, जो चौविहार आणि नवकारशी पाळतो, त्याने काय करावे? घरातील वडीलधाऱ्यांना वाटणारी चिंता इथे रास्त आहे. एका पदकासाठी पच्चक्खाण मोडायचे का?

शरीरशास्त्र समजून घेतले तर हा पेच बराचसा सुटतो. आपण खाल्लेल्या भाताची, पोळीची साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. स्नायूंमधील साठा झोपेत जवळजवळ तसाच राहतो. रात्रभरात घटतो तो यकृतातील साठा. म्हणून खरी न्याहारी आदल्या दोन दिवसांत, दिवसाउजेडी करायची असते. या दोन दिवसांत शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 8 ग्रॅम किंवा अधिक कर्बोदके घ्यावीत असे सांगितले जाते. साठ किलोच्या माणसाला ती 480 ग्रॅम होतात, म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम कच्च्या तांदळातून मिळतील एवढी. सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीत पोहे, वरणभात, केळी, खजूर, शिरा अशी पाच लहान जेवणे केली की हे सहज जमते. या दिवसांत वजन एक-दोन किलो वाढते, कारण साठलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्याने घाबरू नये. ते पाणी शर्यतीत कामाला येते.

सूर्योदयानंतर घेणारा पोहण्यापूर्वी एखादे केळे घेऊ शकतो. नवकारशीवाला थांबतो आणि पाण्याबाहेर येऊन सायकलवर बसल्यावर खाण्यास आरंभ करतो. मात्र हा प्रयोग शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नये. आधीच्या तीन-चार लांब फेऱ्या याच नियमाने काढाव्यात, चक्कर येते का, पोट काय म्हणते ते पाहावे. नियम पाळून वेग थोडा कमी ठेवावा लागला तर तो कमी ठेवावा. मर्यादा साडेआठ तासांची असते. पाच तासांत पोहोचणाऱ्याला आणि आठ तासांत पोहोचणाऱ्याला पदक सारखेच मिळते. 2024 मध्ये बेंगळुरू दक्षिणचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी ही शर्यत 8 तास 27 मिनिटे 32 सेकंदांत, म्हणजे जेमतेम अडीच मिनिटे शिल्लक ठेवून पूर्ण केली. तीही पूर्णच धरली गेली.

शर्यतीदरम्यान ताशी सुमारे 60 ग्रॅम कर्बोदके लागतात. बाजारातील तयार जेलच्या पुड्या घेताना केवळ हिरवा ठिपका पाहून समाधान मानू नये. आपल्या देशाच्या खाद्यनियमांत मध हा मांसाहारी पदार्थांतून वगळलेला आहे, त्यामुळे मध असलेल्या पुडीवरही हिरवा ठिपका असू शकतो. आणि कंदमुळाविषयी तो ठिपका काहीच सांगत नाही. मिठाच्या कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. खेळाडूंत लोकप्रिय असलेला बिटाचा रस तर कंदमूळच. त्यापेक्षा उकळून गार केलेले पाणी, साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू हे घरचे मिश्रण, सोबत केळी, खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की हा शिधा भरवशाचा आहे. एक गोष्ट कुटुंबीयांनी जरूर ध्यानात ठेवावी : मार्गावर उभे राहून आपल्या माणसाच्या हातात डबा वा बाटली देणे नियमबाह्य आहे, त्याने स्पर्धक बाद होऊ शकतो. जे लागेल ते त्याने स्वतःच्या सायकलवर आणि खिशात आधीच बांधून घ्यायचे असते.

माघारीचेही धैर्य

अखेरच्या आठवड्यांत एक काम सरावाहून महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील 1985 ते 2016 या काळातील ट्रायथलॉनचा वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 135 मृत्यू वा हृदय बंद पडण्याच्या घटना नोंदल्या आहेत. त्यांपैकी 90 पोहण्याच्या टप्प्यात घडल्या, बहुसंख्य पुरुष होते आणि अनेकांना आधीपासून हृदयाचा दोष होता. लाखो सहभागींच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर गादीवर बसणाऱ्या आणि घराण्यात हृदयविकार असलेल्या माणसाने तो वाचून सोडून देऊ नये. हृदयतज्ज्ञांची तपासणी शर्यतीचे पैसे भरण्याआधी व्हावी. छातीत दडपण, धाप वा ताप जाणवला तर शेवटच्या दिवशीही थांबावे.

समुद्राची गोष्ट तर वेगळीच. मराठवाड्याच्या मुलाने पोहणे शिकलेले असते ते महापालिकेच्या वा संस्थेच्या तलावात, जिथे तळ दिसतो आणि भिंत हाताशी असते. मिरामारला तळ दिसत नाही, लाट तोंडावर येते आणि शेकडो हातपाय भोवती आपटत असतात. खारे पाणी शरीर वर उचलून धरते हा लाभ आहे, पण भीतीवर तो उपाय नव्हे. दोन-तीन दिवस आधी गोव्यास पोहोचून, जीवरक्षक असताना, सोबतीने समुद्रात उतरून पाहणे हा खर्च नसून विमा आहे.

हे सर्व पाहिल्यावर कोणी त्याला तप म्हणेल. ती तुलना मर्यादेतच बरी. तप कर्मनिर्जरेसाठी असते, शर्यत ही देहाची हौस असते. दोहोंचा हिशेब एका वहीत मांडू नये. मात्र शिस्तीचे संस्कार एकमेकांना पूरक ठरतात, हेही खरे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला कचनेरपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटर पायी जाणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना लांब पल्ला म्हणजे काय ते ठाऊक आहे. पहिल्या पाच किलोमीटरला घाई करणारा शेवटी मागे पडतो, हे त्यांना कोणा प्रशिक्षकाने शिकवावे लागले नाही.

म्हणून शर्यतीची तयारी करणाऱ्याच्या घरी दिवाळीपूर्वीच एकदा सगळ्यांनी बसून बोलावे. गल्ल्यावर कोणत्या रात्री कोण बसेल, जेवण किती वाजता होईल, सूर्यास्ताआधी डबा दुकानावर कोण पोहोचवेल, आणि गोव्याला सोबत कोण जाईल हे ठरवून घ्यावे. स्पर्धकानेही भाऊबीजेनंतरचा आठवडा भावाच्या रजेसाठी मोकळा ठेवावा; घेतलेले परत करण्याची रीत व्यापारात आहे तशी घरातही आहे. 113 किलोमीटर एकट्याने कापायचे असले तरी शेवटचे तीन आठवडे सारे घर मिळून काढते, आणि तो वाटा ज्याने ओळखला त्याच्या पदकाची शोभा घरात टिकते.