एका डुलकीचं अंतर: सव्वादोन वर्षांच्या लेकीबरोबर ऐनवेळी वाई

या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे फार अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

"मूल लहान असताना असं अचानक उठून कुठे जाता येतं का?" हा प्रश्न ऑफिसमधले मित्र नेहमी विचारतात. येतं. फक्त किलोमीटर मोजणं सोडून द्यायचं. आमच्या घरी अंतराचं माप एकच, एक डुलकी. लेक दुपारी पावणेदोन तास झोपते. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही डुलकी चुकली की संध्याकाळ गेली म्हणून समजा. मग ती गाडीतच का होऊ नये? म्हणून 'पहाटे पाचला निघा' हा सल्ला मी मानत नाही. पहाटे उठवलेलं मूल दहा वाजता कसं वागतं ते बघितलंय आम्ही.

तर शनिवारी सकाळी अकराला ठरलं, वाईला जायचं. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, म्हणजे एक डुलकी आणि वर थोडं. पिशवी दाराच्या मागे कायम भरलेली असते, नाहीतर 'अचानक' वगैरे विसरा. त्यात कपड्यांचे तीन जोड, डायपर, जुना टॉवेल, थर्मामीटर, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध आणि मूगडाळ-तांदळाची कोरडी खिचडी डब्यात. लॉजवाल्याला फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. खोली तळमजल्यावर आहे का, आणि गादी जमिनीवर टाकून द्याल का. पलंगावरून पडण्याचा विषयच संपतो.

वरणभात खाऊन साडेबाराला निघालो. खेड शिवापूरच्या टोलनाक्याआधीच ती झोपली. मी मनात म्हटलं, वा, काय प्लॅनिंग आहे! ते खंबाटकी घाटापर्यंत टिकलं. पुण्याहून जाताना आम्हाला घाट चढायचा होता, बोगदा येतानाच्या बाजूला. वर ट्रकांची रांग. गाडी थांबली आणि डुलकी तासाभरातच मोडली.

आता खरं सांगायचा भाग. ती रडायला लागली. साधं नाही, श्वास अडकेपर्यंत. घाटात गाडी कडेला घेता येत नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मागून बायको म्हणाली, "काढू का रे तिला?" आणि मी म्हणालो, "काढ." आपण रांगतच तर चाललोय, असा विचार. ती मांडीवर आली, गप्प झाली. पुढे रस्ता मोकळा झाला, मी वेग घेतला, आणि वळणावर पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला. मीही मारला. झालं काहीच नाही. बायकोचा हात पुढच्या सीटवर आपटला आणि लेकीचं डोकं त्या हातावर. हात नसता तर?

रात्री लॉजवर बसून गणित केलं, बीटेकचा तेवढा तरी उपयोग. ताशी ३० किलोमीटरनं चाललेली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या माणसाला वजनाच्या साधारण साडेआठ पट जोर लागतो. आमची लेक ११ किलोची. म्हणजे त्या क्षणी बायकोला नव्वदच्या वर किलो हातांनी धरायचेत. ताशी ५० ला तोच आकडा दीडशेच्या पुढे जातो. प्रेम कितीही असो, हात तेवढं धरू शकत नाहीत. कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल पट्ट्यात किंवा चाइल्ड सीटमध्ये नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचं मला तेव्हा माहीत होतं. गणित मात्र कधी केलं नव्हतं.

मग रडलं तर काय करायचं? रडू द्यायचं, हात धरायचा, आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबायचं. आमच्यासाठी ती सुरूर फाट्याच्या अलीकडे होती, जेमतेम दहा मिनिटांवर. घाटाच्या आधीच शिरवळला थांबून पाय मोकळे केले असते तर तेही लागलं नसतं.

संध्याकाळी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, 'स्वदेस'मध्ये दिसतो तो. १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून घेतल्यावर तिकडून आलेली मोठी घंटा इथे आहे, ती मला बघायची होती. लेकीला पायऱ्यांवरचं कुत्रं बघायचं होतं. चाळीस मिनिटं कुत्रं बघितलं. घाटाला कठडा नाही, पाणी पायऱ्यांना लागूनच, त्यामुळे आमच्यातला एकजण कायम तिच्या खालच्या पायरीवर. वरून लक्ष ठेवून भागत नाही. घंटा आम्ही आळीपाळीनं पाहिली.

रविवारी आदल्या दिवसाचा धडा फारच मनावर घेतला. पसरणी घाटानं पाचगणीला निघालो, आणि ती सीटमध्ये शांत बसावी म्हणून हातात मोबाइल दिला. कार्टून. अर्ध्या घाटात सगळी खिचडी बाहेर!

कारण सोपं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, डोळे स्क्रीनवर चिकटलेले असल्यानं सांगतात की आपण स्थिर आहोत. मेंदू गोंधळतो, पोट ढवळतं. दोन वर्षांपर्यंत हा त्रास सहसा दिसत नाही, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत जास्त असतो. आमची नुकतीच त्या वयात शिरलेली, आम्हाला कुठे कल्पना. घाटात स्क्रीन नको, पुस्तकही नको. काच थोडी खाली, आधी हलकं खाणं, आणि "तो बघ डोंगर" म्हणत लांबचं दाखवायचं. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

थोडं पाणी घोट-घोट पाजलं, ते टिकलं. ओआरएस लागलं नाही, पण ते बाळगत असाल तर एक लक्षात ठेवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजानं टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. प्रवासात २०० मिलीलिटरचं छोटं पाकीट बरं.

पाचगणीचं काय? तिथूनच गाडी वळवली. बायकोनं विचारलं, "वाईट वाटतंय का?" थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू. ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलो, लेकीनं नदीत पन्नास तरी खडे टाकले, जेवली, आणि साडेबाराला आम्ही परत. येताना बोगदा. "अंधाऽऽर!" म्हणून ओरडली आणि बाहेर पडल्यावर पाचेक मिनिटांत झोपली.

सोमवारी सीटचं कव्हर धुतलं. काढण्याआधी पट्टे कुठून कसे ओवलेत त्याचे फोटो काढा, मी काढले नव्हते. पुन्हा बसवायला दीड तास लागला.